प्रकाश आणि गतीची अमूर्त मांडणशिल्पं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनाला जाण्याआधी, जाऊन आल्यावर आणि घरी काही करून बघताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरं. आधीचे प्रश्न पाहणाऱ्यांचे आहेत, शेवटचे हाताने करून बघणाऱ्यांचे. मधूनच कुठूनही वाचलंत तरी चालेल. एखाद्या गोष्टीचा संबंध दुसरीकडे येत असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मांडणशिल्प म्हणजे काय? साध्या शिल्पापेक्षा ते वेगळं कशात?

शिल्पाभोवती आपण फिरतो, मांडणशिल्पाच्या आत शिरतो. खोलीच्या भिंती, छत, अंधार, आवाज आणि आत आलेला माणूस हे सगळं कामाचा भाग असतं. प्रकाशाच्या कामात तर हात लावावा अशी वस्तू बहुतेक वेळा नसतेच. अमेरिकेतला डॅन फ्लेविन बाजारात मिळणाऱ्या साध्या ट्यूबलाइट वापरायचा. २५ मे १९६३ या तारखेचं नाव दिलेल्या त्याच्या कामात आठ फुटांची एकच पिवळी ट्यूब भिंतीवर ४५ अंशांत तिरकी लावलेली आहे. ट्यूब कुठल्याही दुकानातली. काम म्हणायचं ते तिच्या उजेडाने भिंतीला, कोपऱ्याला आणि समोर उभ्या माणसाच्या कपड्यांना जे होतं त्याला.

२. चित्र नाही, आकृती नाही, गोष्ट नाही. मग अर्थ लावायचा कसा?

अर्थ लावण्याची घाई बाजूला ठेवा. ‘हे कशाचं आहे?’ याऐवजी ‘हे माझ्या डोळ्यांना आणि पायांना काय करतंय?’ असं विचारा. खोली मोठी वाटते की लहान? कडा दिसते आहे की दिसल्यासारखी वाटते आहे? रंग मघाचाच आहे की फिका पडला? ही निरीक्षणं म्हणजेच कामाचा आशय. वासुदेव गायतोंड्यांच्या अमूर्त चित्रासमोर उभं राहून ज्यांनी कधी वेळ घालवला आहे त्यांना ही सवय आधीच असते. इथे फरक इतकाच की चित्र तुमची वाट पाहत थांबतं, प्रकाश थांबत नाही.

भिंतीवरची माहितीपाटी बाहेर पडताना वाचा. आधी वाचली की डोळे पाटीत लिहिलेलंच शोधत राहतात.

३. एका कामासमोर किती वेळ थांबायचं?

उजेडातलं काम असेल तर पाच मिनिटं. अंधारातलं असेल तर किमान दहा, आणि शक्य असेल तर वीस. हे आकडे डोळ्याच्या रचनेतून येतात. अंधारात गेल्यावर रंग पाहणाऱ्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जेवढं जुळवून घ्यायचं तेवढं घेतात. मंद उजेड पाहणाऱ्या दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, कारण त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य हळूहळूच भरून येतं.

प्रकाशात काम करणारा अमेरिकी कलाकार जेम्स टरेल याच्या एका कामाचा सगळा डोलारा याच वेळेवर उभा आहे. जपानच्या नाओशिमा बेटावर वास्तुरचनाकार तादाओ आन्दोने बांधलेल्या काळ्या लाकडी इमारतीत १९९९पासून ते आहे. प्रेक्षकांना काळोखात नेऊन बसवतात. काही मिनिटं काहीच दिसत नाही, मग समोर एक अंधूक आयत उमटू लागतो. तो उजेड पहिल्या क्षणापासून तिथेच होता. दुसऱ्या मिनिटाला ‘इथे काही नाही’ म्हणून उठून गेलेला माणूस ते काम न बघताच परततो.

ज्या कामाला स्वतःची लांबी आहे तिथे ती विचारून घ्या. अँथनी मॅकॉलच्या १९७३च्या कामात प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या प्रकाशरेषेचा पूर्ण शंकू व्हायला ३० मिनिटं लागतात. मधल्या पाच मिनिटांवर मत बनवू नका.

४. सगळे ‘वा!’ म्हणतात आणि मला काळोखच दिसतो. माझं काय चुकतं?

बहुतेक वेळा खालच्यांपैकी एखादी गोष्ट असते.

उन्हात काळा होणारा चष्मा. दुपारच्या उन्हातून थेट आत आलात तर काचा निवळायला काही मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ तुम्ही गॉगल लावूनच अंधार बघत असता. दहा मिनिटं आधी येऊन सावलीत बसा.

फोन. एकदा स्क्रीन पाहिला की मिळवलेला अंधार गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वेळ बघायचीच असेल तर एक डोळा तळहाताने घट्ट झाकून दुसऱ्याने बघा. झाकलेला डोळा तयार राहतो.

रोखून बघणं. दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधूक ठिपक्याकडे थेट पाहिलं की तो नाहीसा होतो. त्याच्या शेजारी, साधारण हाताची वीत पसरून पुढे धरल्यावर जितकं अंतर दिसतं तितकं बाजूला बघा. चांदण्या पाहणारे हेच करतात.

नजर खिळवणं. एकाच बिंदूवर नजर स्थिर केली की कडेचे फिके आकार विरून जातात. ट्रॉक्सलरने १८०४ मध्ये नोंदवलेली ही गोष्ट आहे. डोळे हलवले की आकार परत येतात. काही कलाकार हे विरणं मुद्दाम घडवून आणतात, त्यामुळे दोन्ही करून बघा: एकदा नजर खिळवून, एकदा फिरवून.

५. उभं कुठे राहायचं? मधोमध?

मध्यापासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. पट्ट्या-पट्ट्यांच्या कामात, उदाहरणार्थ व्हेनेझुएलाच्या कार्लोस क्रुझ-दिएझच्या भिंतींसमोर, आडवं चाला, कारण उभ्या पट्ट्यांच्या बाजूंवर वेगवेगळे रंग असतात आणि चालताना ते एकमेकांत मिसळतात. धुक्यातल्या प्रकाशशंकूत प्रोजेक्टरकडे तोंड करून शंकूच्या आत उभे राहा. पडद्याकडे बघत राहिलात तर फक्त एक पांढरी रेघ दिसेल. टांगलेल्या कामाखाली, परवानगी असेल तर, जमिनीवर झोपा. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००३-०४ साली कलाकार ओलाफुर एलिआसनचा कृत्रिम सूर्य लागला होता तेव्हा लोक आपणहून फरशीवर पसरत होते. छतभर आरसा होता, आणि त्यात आपण कुठे आहोत हे झोपूनच नीट शोधता यायचं.

६. लाल खोलीतून बाहेर आल्यावर सगळं हिरवट-निळसर दिसलं. डोळ्यांना अपाय तर नाही ना?

नाही. लाल उजेडात काही मिनिटं काढल्यावर लाल टिपणाऱ्या शंकुपेशींचा प्रतिसाद मंदावतो. खोली फिकी वाटू लागते. बाहेर पांढऱ्या उजेडात आलं की तिन्ही प्रकारच्या पेशींपैकी उरलेल्या दोन जोरात असतात, म्हणून जग विरुद्ध रंगाकडे झुकतं. मिनिट-दोन मिनिटांत ते ओसरतं. क्रुझ-दिएझने १९६५पासून मांडलेल्या लाल, हिरव्या आणि निळ्या खोल्यांच्या कामाचा गाभा हाच आहे. एका खोलीतून दुसरीत जाताना उंबऱ्यावर क्षणभर थांबा, सगळ्यात जास्त घडतं ते तिथे. धावत तिन्ही खोल्या पार केल्या तर तीन रंगवलेल्या खोल्याच दिसतात.

डोळ्यांसमोर रंगाची झाक किंवा ठिपका तासाभरानंतरही राहिला, किंवा एकाच डोळ्यात असला, तर मात्र त्याचा प्रदर्शनाशी संबंध लावू नका. डॉक्टरांना दाखवा.

७. पिवळ्या दिव्यांच्या दालनात सगळ्यांचे कपडे राखाडी का दिसतात?

तिथे कमी दाबाचे सोडियम दिवे असतात. त्यांचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या एकाच पिवळ्यात येतो. लाल साडीला परत फेकायला लाल प्रकाशच मिळत नाही, म्हणून ती गडद राखाडी दिसते. रंगाचा गोंगाट गेल्यामुळे सुरकुत्या, विण, चेहऱ्याची ठेवण हे बारकावे अचानक ठळक होतात. ते जरूर बघा.

रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांखाली हा परिणाम अर्धवटच मिळायचा. ते जास्त दाबाचे सोडियम दिवे, त्यांच्यात इतर रंगही असतात. पिवळा जिलेटिन कागद लावलेल्या बल्बने तर तो अजिबात मिळत नाही, कारण त्या कागदातून लाल आणि हिरवाही पार होतो.

८. हालचाल नेमकी कुणाची? वस्तूची, उजेडाची की माझी?

हे ओळखता आलं की निम्मं काम उलगडतं. वस्तू स्वतः हलते असा पहिला प्रकार. शिल्पकार नाउम गाबोने १९१९-२० मध्ये एका उभ्या पोलादी कांबीला मोटरने कंप दिला आणि हवेत एक पारदर्शक फुगीर आकार तयार झाला. मोटर बंद केली की उरते नुसती कांब. दुसऱ्या प्रकारात वस्तू निमित्तमात्र, हलतो तो उजेड. हंगेरियन कलाकार लास्लो मोहोय-नॉजचं १९३० साली पॅरिसमध्ये दाखवलेलं यंत्र भोकं पाडलेल्या चकत्या, काच आणि धातूच्या पट्ट्या फिरवतं. बघायचं ते यंत्राकडे नाही, भिंतीकडे. तिसऱ्या प्रकारात काहीच हलत नाही, हलता तुम्ही. व्हेनेझुएलाच्याच हेसुस सोतोच्या टांगलेल्या नळ्यांच्या रानात (पहिलं १९६७चं) तुम्ही आत शिरल्याशिवाय काही घडत नाही.

चौथा प्रकार फसवा आहे: हालचाल फक्त डोळ्यात असते. दोन जाळ्या एकमेकींसमोर ठेवल्या आणि डोकं जरा हललं की लाटा वाहताना दिसतात. शंका आली तर एका जागी हनुवटी टेकवून एक डोळा मिटा. लाटा थांबल्या तर त्या तुमच्या होत्या.

९. टांगलेलं काम हलतच नव्हतं. फुंकर मारली तर चालेल?

नाही, आणि हातही लावू नका. बोटाच्या एका धक्क्याने तारेचा तोल कायमचा बिघडू शकतो, शिवाय घामाने रंगावर डाग पडतात. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डरच्या अशा टांगत्या, हलत्या कामांना ‘मोबाइल’ हे नाव कलाकार मार्सेल द्युशाँने १९३१ साली दिलं, तेव्हा त्यातली काही मोटरवर चालत. पुढे काल्डरने मोटर सोडून हवेवर भर दिला. बंद वातानुकूलित दालनात हवा कमी असते, त्यामुळे तारेला टांगलेलं पत्र्याचं पान पाव वळसा घ्यायलाही मिनिट घेतं. जवळून सावकाश चालत जा. तुमच्या अंगाने ढवळलेली हवा पुरते.

१०. मोटरचं काम बंद होतं. तिकिटाचे पैसे घेऊन असं कसं?

जुन्या गतिशिल्पांना विश्रांती द्यावी लागते. प्रत्येक तासाला मोटरमधले ब्रश, पट्टे आणि धुरे झिजतात, आणि त्यांचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही. म्हणून संग्रहालयं ठरलेल्या वेळी काही मिनिटंच काम चालवतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या, यंत्रशिल्पं करणाऱ्या टिंगेलीच्या संग्रहालयात पायाने दाबायचं बटण असतं आणि एकदा चाललं की मधे सक्तीची उसंत असते. तिकीट काढतानाच चालवण्याची वेळ विचारा आणि बाकीची दालनं त्याभोवती बसवा.

११. आत गेल्यावर घेरी आली, भिंती सरकल्यासारख्या वाटल्या. असं का?

शेजारच्या रुळावरची लोकल सुटते आणि आपलीच सुटली असं वाटतं, तोच प्रकार. नजरेच्या कडेला मोठ्या भागात सरकता उजेड असला की मेंदू ‘आपण हलतोय’ असा निष्कर्ष काढतो. कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो, ‘नाही.’ या भांडणाची घेरी येते. जमिनीवर एक स्थिर बिंदू निवडा, भिंतीला पाठ टेका, पाय फाकवून उभे राहा. सरळ बसलात तर उत्तम. उपाशीपोटी किंवा भरल्यापोटी जाऊ नका.

सर्वत्र एकसारखा रंगीत उजेड असलेल्या खोलीत अडचण वेगळी असते. तिथे कोपरे, खोलपणा, अंतर काहीच कळत नाही आणि लोक भिंत समजून रिकाम्या जागेवर टेकायला जातात. अशा दालनात कर्मचारी सांगतील तेवढंच पुढे जा. बूट काढून मोज्यांचे आवरण दिलं असेल तर फरशी निसरडी असते हेही लक्षात ठेवा.

१२. अपस्मार किंवा मायग्रेन असेल तर?

‘उजेड लुकलुकतो का, आणि सेकंदाला किती वेळा?’ हे आधी विचारा. ‘इफेक्ट्स आहेत का’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येतं. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक धोक्याची, त्यातही १५ ते २५ सर्वाधिक. मोठा भाग व्यापणारी आणि गडद लाल लुकलुक जास्त त्रास देते. आत अचानक सुरू झालीच तर नुसते डोळे मिटू नका, पापण्यांतून उजेड येतच राहतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका, मान वळवा आणि बाहेर पडा. सावकाश बदलणाऱ्या रंगाने सहसा अपस्माराचा झटका येत नाही, पण मायग्रेनवाल्यांना बारीक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा त्रास लुकलुक नसतानाही होऊ शकतो.

१३. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय / रंगांधळेपणा आहे / एकाच डोळ्याने दिसतं. जाण्यात अर्थ आहे का?

नक्की आहे. मोतीबिंदू काढल्यावर पिवळटलेलं नैसर्गिक भिंग जातं, म्हणून निळी-जांभळी कामं बऱ्याच जणांना आधीपेक्षा खूपच तेजस्वी दिसतात. रंगांधळेपणात लाल-हिरव्याच्या सीमारेषा हुकतील, पण उजेडाची पातळी, सावली आणि गती पूर्ण मिळते. एकाच डोळ्याने पाहणाऱ्यांना टरेलसारख्यांच्या सपाट-की-खोल कामांत संभ्रम अधिक गहिरा जाणवतो. फक्त प्रश्न १७ मधला प्रयोग त्यांना दिसणार नाही.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पट्ट्यांच्या कामासमोर चालताना कडेने लाटा दिसतात. त्या काचेच्या, कामाच्या नव्हेत. दूरचा वेगळा चष्मा असल्यास तो न्या.

१४. दमा असणाऱ्यांना दालनातल्या धुक्याचा त्रास होतो का?

होऊ शकतो. उजेडाची तिरीप हवेत दिसायची तर हवेत कण लागतात. मॅकॉलने सुरुवातीला ज्या जागांत काम दाखवलं तिथे धूळ आणि सिगारेटचा धूर असायचाच. स्वच्छ दालनांत तिरीप दिसेनाशी झाली आणि यंत्र आणावं लागलं. ग्लायकॉल-पाण्याचं द्रव वापरणारं यंत्र घशाला कोरड आणतं. नुसत्या पाण्याचं अल्ट्रासॉनिक धुकं त्या मानाने सौम्य असतं. कोणतं आहे ते विचारा, पंप खिशात ठेवा. आयोजकांसाठी: प्रकाशीय धूरशोधक धुक्यालाही वाजतो. अग्निशमन अधिकाऱ्याशी आधी बोला, परस्पर त्यावर चिकटपट्टी लावू नका.

१५. फोटोत काळे पट्टे येतात, रंगही चुकतात. काय करू?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. मंद केलेल्या एलईडीचे पट्टे तरीही राहतील, कारण ते वेगळ्याच वेगाने चालू-बंद होत असतात. तिथे शटर १/२५ करून फोन कशाला तरी टेकवा. रंगासाठी ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून ५५०० केल्व्हिनवर अडकवा, नाहीतर फोन लाल खोलीला पांढरी करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करतो. नाइट मोड गती पुसून टाकतो. फ्लॅश कधीच नको.

फोटो शेवटच्या दोन मिनिटांत काढा. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१६. हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे काय आहे?

काल्डर १९५५ साली साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला आणि तिथल्या मुक्कामात त्याने नऊ शिल्पं केली. मुंबईत चित्रकार अकबर पदमसींनी व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप ही कलाकारांची कार्यशाळा चालवली, आणि १९७०च्या सुमारास रेषा आणि बिंदूंचा ‘सिझिजी’ हा मूक अमूर्त ॲनिमेशनपट केला. चित्रकाराने गतीकडे वळण्याचं आपल्याकडचं ते फार मोलाचं उदाहरण आहे, आणि त्याची व्हावी तितकी चर्चा होत नाही. मुंबईतच जन्मलेल्या अनिश कपूरचा जमिनीत खोल फिरणाऱ्या काळ्या पाण्याचा भोवरा २०१४च्या कोची बिएनालेत होता. मुंबईचा कलाकार जितिश कल्लाट याने २०१२मध्ये धुक्याच्या पडद्यावर गांधीजींचं हिटलरला लिहिलेलं पत्र उतरवलं. ते अक्षरांचं काम आहे, अमूर्त नव्हे, पण धुक्यातून चालत जाताना अक्षरं अंगावर विरतात तो अनुभव याच घराण्यातला. चित्रकार नलिनी मालानींची फिरती, रंगवलेली मायलारची (पारदर्शक प्लास्टिकची) नळकांडीही अशीच सीमेवरची. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी महोत्सव असतो, तिथे मांडणशिल्पांवर नजर ठेवा.

आणि डोळ्यांची तयारी करायची तर कोल्हापूरचा किरणोत्सव आहेच. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत, मग दिवसागणिक वर चढत मुखापर्यंत. हवेतली धूळ, ढग किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं की किरण अडतात. तो देवीचा उत्सव आहे, त्याला कलाकृती म्हणायचं कारण नाही. पण उजेडाची वाट कशी पाहायची हे तिथे जमलेल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही बघा: दिवा पडद्यापासून किती लांब धरला की सावली कशी बदलते, याचं ज्ञान तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

१७. एक पैसा खर्च न करता घरी काही करून बघता येईल?

येईल. मीटरभर दोऱ्याला कुलूप बांधून कुणाला तरी ते डावीकडून उजवीकडे, अगदी सरळ रेषेत झुलवायला सांगा. तुम्ही दोन मीटरवर बसा आणि गॉगलची एकच काच एका डोळ्यावर धरा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. कुलूप लंबगोल फिरताना दिसेल, पुढे येईल, मागे जाईल. काच दुसऱ्या डोळ्यावर धरली की फेरा उलटा. अंधारलेल्या डोळ्याचा संदेश थोडा उशिरा पोचतो आणि मेंदू त्या उशिराचा अर्थ पुढे-मागे असलेलं अंतर असा लावतो. १९२२ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पुलफ्रिखने हे समजावलं. दिसलं नाही तर बहुधा मागची भिंत फार नक्षीदार आहे.

१८. फिरत्या सावल्यांचं छोटं यंत्र करायचंय. काय काय लागेल?

१२ व्होल्टची डीसी गिअर मोटर, मिनिटाला ३ फेऱ्यांची. १० फेऱ्यांची घेऊ नका: २० सेंमी व्यासाच्या चकतीची कड तेव्हा सेकंदाला १० सेंमी पळते आणि भिंतीवर चौपट मोठी झालेली सावली ४० सेंमी. डोळा दमतो. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर. काळ्या माउंटबोर्डची २० सेंमीची चकती. दिव्यासाठी फोनचा टॉर्च. मोटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळते.

चकतीत ८ ते १५ मिमीची भोकं पाडा, एकसारख्या अंतरावर नकोत. चकती मोटरच्या दांड्यावर बसवताना मध्य अचूक काढा, २ मिमी चुकलं तरी सावली लंगडते. फोन चकतीपासून ५० सेंमी, भिंत फोनपासून २०० सेंमी. खोली पूर्ण अंधारी. मग चकतीच्या पुढे दहा सेंमीवर काचेचा पेला, किसणी, झारा असं एकेक ठेवून बघा.

मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर वापरायचा मोह होतो. तिच्यावर छापलेलं व्होल्टेज वाचा. काही २३० व्होल्टच्या असतात, काही २१च्या. २१ची मोटर घरच्या प्लगला लावली की जळते. शिवाय उघड्या २३० व्होल्टच्या तारा मुलांच्या घरात नकोत. आणि ती चालू करताना कधी सुलट फिरते, कधी उलट. बिघाड नसतो, त्या जातीच्या सिंक्रोनस मोटरचा तो स्वभावच आहे.

१९. सावल्या पुसट येतात, आकार ओळखू येत नाहीत.

दिवा मोठा आहे. सावलीच्या कडेचा पुसटपणा = दिव्याची रुंदी × (वस्तू ते भिंत) ÷ (दिवा ते वस्तू). वरच्या मांडणीत ३ मिमीच्या टॉर्चसाठी ३ × १५० ÷ ५० = ९ मिमी. तिथेच ६ सेंमी तोंडाचा बल्ब ठेवला तर १८ सेंमी, म्हणजे सगळा काला.

स्वयंपाकघरात याची सुरेख परीक्षा करता येते. सोऱ्याची चकलीची चकती टॉर्चसमोर धरा, भिंतीवर चांदणी येते. आता तीच दुधी बल्बसमोर धरा, चांदणीचा गोल होतो. भोक दिव्यापेक्षा बारीक झालं की भिंतीवर भोकाचा नव्हे, दिव्याचा आकार पडतो. शेवेच्या चकतीने तर छोट्या टॉर्चचेही ठिपकेच पडतात. झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात ते याच कारणाने: ते सूर्याचे आकार असतात. भोक दिव्याच्या किमान तिप्पट ठेवा आणि चिंता सोडा.

२०. रंगीत सावल्या कशा करायच्या?

लाल, हिरवा, निळा असे १ वॅटचे तीन एलईडी ६-६ सेंमी अंतराने एका ओळीत लावा. मीटरभर पुढे काडी, तिच्यापुढे मीटरभरावर पांढरी भिंत. काडीने लाल अडवला तिथे हिरवा-निळा मिळून आकाशी सावली, हिरवा अडवला तिथे राणी, निळा अडवला तिथे पिवळी. सारख्या वॅटचे तिन्ही लावून भिंत पांढरी होत नाही, बहुधा हिरवट होते. हिरव्याचा उजेड आधी कमी करा, मग निळ्याचा. भिंतीला फिकट पिवळा रंग असेल तर पांढरा कागद लावा, नाहीतर आकाशी कधीच खुलणार नाही.

२१. तारेचा मोबाइल सारखा एका बाजूला कलंडतो.

वरून सुरुवात केली असणार. सगळ्यात खालची दांडी आधी तोला. वजन × अंतर दोन्ही बाजूंना सारखं: १२ ग्रॅम २० सेंमीवर, तर २४ ग्रॅम १० सेंमीवर. हा ३६ ग्रॅमचा जोड वरच्या दांडीला ८ सेंमीवर टांगला तर पलीकडे १२ ग्रॅम २४ सेंमीवर. तारेचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, म्हणून आकडा फक्त सुरुवातीचा; शेवटचे ५-७ मिमी बोटावर तोलून ठरवा. १६ गेजची तार पुरते.

तोल बरोबर असूनही दांडी उलटत असेल तर टांगायची कडी टोकांच्या पातळीपेक्षा खाली आहे. दांडीला कमानीसारखा किंचित बाक द्या आणि कडी वर न्या. फार वर नेलीत तर दांडी अवघडून बसेल, हलणारच नाही. दोरा पिळतो त्यासाठी गळाच्या दुकानात मिळणारं स्विव्हल वर लावा. आणि पंखा बंद ठेवा: त्याच्या वाऱ्यात मोबाइल गरगरतो.

२२. मूळ ट्यूब किंवा मोटर बदलली तर ते काम ‘खरं’ राहतं का?

कामागणिक उत्तर बदलतं. फ्लेविनच्या कामात ट्यूब उडणार हे गृहीतच होतं. त्याच प्रकारची, त्याच रंगाची नवी लावायची, हाच त्याचा जीव. अडचण नंतर आली: युरोपीय संघात २०२३पासून बहुतेक फ्लुरोसंट ट्यूब बाजारातून हटल्या. एलईडीत रंग जुळवता येतो, पण ट्यूबचा सर्व बाजूंना सारखा पसरणारा उजेड आणि टोकांकडचा मंदपणा सहज जुळत नाही, म्हणून संग्रहालयं जुन्या ट्यूबचा साठा राखून ठेवतात. मोहोय-नॉजचं मूळ यंत्र हार्वर्डमध्ये आहे, त्याचे काही भाग बदललेले आहेत, आणि नीट चालणाऱ्या प्रतिकृती वेगळ्या बनवल्या गेल्या. गाबोच्या कांबीची टेटमधली प्रत १९८५ची आहे. अशा कामांत धातूच्या वयापेक्षा वेग, उजेडाची तीव्रता आणि भिंतीचं अंतर जास्त महत्त्वाचं. प्रतिकृती बघायला मिळाली तर निःशंक बघा. मूळ यंत्र काचेआड थांबलेलं असेल तर आधी प्रतिकृती चालताना बघा आणि मग मूळ यंत्राकडे या.